नव्या चिपची घोषणा कशी वाचावी

नवा प्रोसेसर जाहीर झाला की त्याच संध्याकाळी आमच्या गटातलं कोणीतरी मला एक चित्र पाठवतं. चित्रात दोन खांब असतात. डावीकडचा करडा आणि बुटका, उजवीकडचा रंगीत आणि उंच. वर ठळक अक्षरांत ‘दुप्पट वेगवान’ असं काहीतरी. आणि खाली एका ओळीचा प्रश्न: “ताई, हा घ्यायचा का?”

यंत्रभागांवर कुठे किती ताण येतो याची गणितं आमचा गट करतो. त्या गणितांसाठी लागणारी यंत्रं निवडणं, जोडणं आणि बिघडली तर उघडून बसणं हे गेली सतरा वर्षं माझं काम आहे. आमचं एकेक गणित रात्रभर चालतं. त्यामुळे प्रोसेसर चुकीचा निवडला तर ती चूक चार-पाच वर्षं रोज रात्री भोगावी लागते. म्हणून त्या चित्राला मी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं लगेच कधीच कळवत नाही. आधी दोन दिवस मागून घेते. त्या दोन दिवसांत मी काय करते, ते इथे लिहिते आहे.

चिप बनवणाऱ्या कंपन्यांमधली चुरस मला मनापासून आवडते आणि त्यामागच्या अभियंत्यांविषयी मला आदर आहे. घोषणेतले आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. पण त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे अर्धंच वाक्य असतं. कोणापेक्षा वेगवान, कोणत्या कामात, किती वॅटवर आणि किती वेळ, हे उरलेलं अर्धं आपण शोधायचं असतं.

आधी तळटीप

खांब बघायच्या आधी चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला मजकूर वाचा. तिथे ताऱ्याची खूण किंवा छोटा आकडा असतो. तो धरून कंपनीच्या पानावरची सविस्तर टीप उघडा आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: तुलना कोणत्या प्रोसेसरशी केली, चाचणीचा प्रोग्रॅम कोणता, दोन्ही यंत्रांना मेमरी कोणती दिली आणि विजेची मर्यादा किती ठेवली. यातलं एक जरी सापडलं नाही, तरी त्या खांबावर आपला निर्णय टेकवू नका.

तुलना बहुतेकदा स्वतःच्याच तीन-चार वर्षं जुन्या चिपशी असते. त्यात गैर काही नाही, जुनं यंत्र बदलणाऱ्याला तीच तुलना उपयोगी पडते. पण ज्याचं यंत्र गेल्या वर्षीचं आहे, त्याने तो खांब स्वतःसाठी वाचू नये.

एआयच्या चिपांमध्ये तळटीप सर्वांत महत्त्वाची. एनव्हिडियाच्या २०२२ सालच्या एच१०० चिपचं उदाहरण घ्या. आठ बिटांच्या, म्हणजे आखूड आणि कमी अचूक आकड्यांवर तिची क्षमता ३,९५८ टेराफ्लॉप्स अशी छापलेली असते (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी). टीप वाचली की कळतं, हा आकडा ‘विरळ’ गणितासाठी आहे. म्हणजे दर चार आकड्यांतले दोन शून्य असतील आणि चिपला ते वगळता येतील, तेव्हाचा. तुमच्या गणितात तशी शून्यं नसतील तर खरा आकडा बरोबर निम्मा, म्हणजे सुमारे १,९७९. शिवाय बिट किती तेही बघा. नवी चिप चार बिटांवर आणि जुनी आठ बिटांवर मोजून शेजारी शेजारी खांब उभे केले, तर वाढीतला निम्मा वाटा आकडे आखूड केल्याचाच असू शकतो. चार बिटांवर तुमचं मॉडेल नीट चालत असेल तर तो फायदा खरा आहे. आमच्या ताणाच्या गणिताला चौसष्ट बिट लागतात, म्हणून एआयच्या चिपची घोषणा आली की मी थेट चौसष्ट बिटांची ओळ शोधते. ती ओळ ठळक अक्षरांत क्वचितच असते.

गिगाहर्ट्झ एकटा वाचू नका

ही खोड फार जुनी आहे. ६ मार्च २००० ला एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला, आणि दोनच दिवसांनी इंटेलने एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री. तो टप्पा आधी कोण गाठतो यावर इतकी चढाओढ होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेला पेंटियम फोर घड्याळाचा वेग वाढवण्याच्याच हेतूने रचलेला होता. पेंटियम थ्रीमध्ये एक सूचना पार पडायला साधारण दहा टप्पे लागत, इथे वीस केले. टप्पे लहान केले की घड्याळ जोरात पळतं, पण पुढची सूचना कोणती याचा चिपने बांधलेला अंदाज चुकला की सगळी रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागते. त्यामुळे सुरुवातीचे पेंटियम फोर काही कामांत कमी गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीच्या मागे पडले. २००४ च्या आवृत्तीत टप्पे एकतीसवर गेले, उष्णता आवरेना, आणि त्याच वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेत सोडून दिला. एएमडीने मधल्या काळात वेगळीच वाट धरली. २००१ मधल्या अ‍ॅथलॉन एक्सपीवर गिगाहर्ट्झ ठळक न छापता ‘१८००+’ असं नाव टाकलं. आतलं घड्याळ होतं १.५३ गिगाहर्ट्झचं.

यातून कामाची रीत अशी निघते. प्रोसेसरचा वेग म्हणजे घड्याळाचे ठोके गुणिले दर ठोक्याला होणारं काम. घोषणेत पहिला आकडा असतो, दुसरा आपण काढायचा. समजा लिहिलंय ‘२५ टक्के वेगवान’ आणि घड्याळ ४.८ वरून ५.४ गिगाहर्ट्झवर गेलंय. ५.४ भागिले ४.८ म्हणजे १.१२५. आता १.२५ भागिले १.१२५ केलं की सुमारे १.११ येतात. म्हणजे रचनेतली खरी सुधारणा ११ टक्के, बाकीची घड्याळ पळवून मिळवलेली. घड्याळ पळवायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. रात्रभर चालणाऱ्या यंत्राला हा फरक फार जाणवतो.

उलट बाजूचं एक सुंदर उदाहरण एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डीचं आहे, एप्रिल २०२२ मधलं. आधीच्या ५८००एक्सचं कमाल घड्याळ ४.७ गिगाहर्ट्झ, याचं ४.५. पण मूळ चिपच्या डोक्यावर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण चपळ मेमरीचा, आणखी एक पातळ थर बसवला होता, त्यामुळे तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ची ९६ मेगाबाइट झाली. खेळांमध्ये तो मोठ्या भावाला सहज मागे टाकायचा, कारण खेळाचा प्रोग्रॅम माहितीसाठी सारखा मेमरीकडे धावतो आणि ती धाव वाचली. ज्या कामांत सगळी माहिती आधीच कॅशमध्ये मावते, तिथे मात्र तो किंचित मागे राहायचा. एकच चिप, दोन वेगळी उत्तरं.

नॅनोमीटर हे आता नाव आहे

‘५ नॅनोमीटर’ या चिपमध्ये पाच नॅनोमीटर लांबीचं काही सापडेल असं समजू नका. शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या गेटांमधलं अंतर तिथे पन्नास नॅनोमीटरच्या आसपास असतं. पूर्वी हा आकडा खरोखर मापाचा होता, आता तो पिढीचा क्रमांक झाला आहे. जुलै २०२१ मध्ये इंटेलने नावं बदलली, तेव्हा ‘१० नॅनोमीटर’च्या पुढच्या आवृत्तीला ‘इंटेल ७’ असं नवं नाव मिळालं. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच पटली, कारण इंटेलचं १० आणि तैवानच्या टीएसएमसीचं ७ ही घनतेने जवळपास सारखीच होती. चूक झाली ती आपली, वेगवेगळ्या कारखान्यांचे आकडे एकाच पट्टीवर धरण्याची.

मग बघायचं काय? चिप कोणाच्या कारखान्यात बनते ते बघा. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी उभी केली ती फक्त इतरांच्या चिपा बनवण्यासाठी. आज अ‍ॅपल, एएमडी आणि एनव्हिडिया या तिघांच्याही मुख्य चिपा तिथूनच येतात. तिघांचा कारखाना एक असेल तर ‘आमची चिप आमच्या नॅनोमीटरमुळे पुढे’ हे कोणालाच म्हणता येत नाही. तिथे फरक रचनेत असतो आणि कारखान्यात जागा आधी कोणी राखून ठेवली यात असतो. त्या कारखान्यांना लागणारी अतितीव्र अतिनील किरणांची (ईयूव्ही) छपाई यंत्रं तर जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार, प्रत्येकावर लेझरचा मारा, त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी आमच्या यंत्राचं झाकण उघडून नुसती त्या प्रोसेसरकडे बघत बसले होते.

कारखान्याच्या घोषणेत एका छोट्या शब्दावर बोट ठेवायचं, तो शब्द म्हणजे ‘किंवा’. टीएसएमसीने ५ वरून ३ नॅनोमीटरवर जाताना सांगितलं, तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के जास्त वेग, किंवा तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के कमी वीज. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पुढे बातम्यांमध्ये या ‘किंवा’चा ‘आणि’ होतो. चिप बनवणारी कंपनी दोनांपैकी काय निवडते, यावर ती चिप फोनसाठी की मोठ्या यंत्रासाठी हे ओळखता येतं.

वॅट स्वतः मोजा

पेटीवर छापलेले वॅट म्हणजे चिप तेवढीच वीज घेईल असं नाही. इंटेलच्या कोअर आय९-९९००के वर ९५ वॅट लिहिलेले होते, पण मदरबोर्डने मर्यादा सैल सोडली की तो दीडशेच्या पुढे जायचा. पुढे इंटेलने दोन आकडे द्यायला सुरुवात केली हे चांगलं झालं: १२९००के साठी मूळ १२५ आणि कमाल २४१ वॅट. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स वर १७० लिहिलेले असतात, पण प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधून घ्यायची मुभा २३० ची. दोन कंपन्यांच्या पेटीवरचे आकडे कधी एकमेकांशी ताडू नका, कमाल आकडे ताडा.

त्याहून चांगलं म्हणजे मोजा. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये लावायचा साधा वॅटमीटर मिळतो. मी यंत्र सुरू करून दहा मिनिटं नुसतं ठेवते आणि आकडा लिहून घेते. मग आमचं नेहमीचं गणित लावते आणि दर मिनिटाला दोन आकडे टिपते, मीटरवरचे वॅट आणि पडद्यावरचं घड्याळ. निदान अर्धा तास. पाच मिनिटांत उठू नका.

याचं कारण मला एका यंत्राने शिकवलं. जोडून आलेलं, दिसायला देखणं, बारीक डब्याचं. पहिल्या मिनिटाला ४.६ गिगाहर्ट्झ. दुसऱ्याला ४.६. तिसऱ्याला पंख्याचा आवाज चढला. चौथ्या मिनिटाला घड्याळ ४.१ वर आलं, सातव्याला ३.४ वर, आणि पुढे अर्धा तास तिथेच राहिलं. डब्यावर हात ठेवला तर वरची कड चटका देत होती, मागच्या जाळीतून हवा मात्र जेमतेम येत होती. विक्रेत्याने दाखवलेली चाचणी दोन मिनिटांची होती आणि तिचा निकाल अगदी खरा होता. ते यंत्र आम्ही परत केलं. तोच प्रोसेसर मोठ्या डब्यात आणि जाड हीटसिंकखाली रात्रभर ४.३ वर टिकला. म्हणून प्रोसेसरची घोषणा वाचून झाल्यावर तो कुठे बसणार हे विचारायचंच.

कोअर किती, आणि त्यांना खाऊ घालणार कोण

इथे मी माझी सर्वांत महागडी चूक केली आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आठ कोअरचं यंत्र बदलून सोळा कोअरचं घेतलं. गणित निम्म्या वेळात होईल असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्याच रात्री कळलं की चाळीस मिनिटांचं काम सदतीस मिनिटांत होतंय. प्रोसेसरमध्ये दोष नव्हता, मी मेमरीकडे बघितलंच नव्हतं.

हिशोब सोपा आहे आणि खरेदीच्या आधी करायचा आहे. मेमरीच्या चॅनलांची, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या वाटांची, संख्या गुणिले आठ बाइट गुणिले मेमरीचा वेग. दोन चॅनल आणि डीडीआर४-३२०० असेल तर २ × ८ × ३२०० = ५१,२०० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला ५१.२ गिगाबाइट. आठ कोअरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६.४, सोळांत वाटले तर ३.२. आमचं गणित मेमरीतून सारखे आकडे ओढतं, त्यामुळे नवे आठ कोअर नुसते ताटकळत होते. २०१९ च्या एएमडी एपिक प्रोसेसरांना त्याच मेमरीचे आठ चॅनल होते, म्हणजे २०४.८ गिगाबाइट. एच१०० ची मेमरी सेकंदाला तीन हजार गिगाबाइटच्या पुढे जाते ती चिपला अगदी खेटून बसवलेली असते म्हणून. व्हिडिओ बारीक करणं किंवा चित्र रंगवणं अशा कामांत मेमरी इतकी आड येत नाही, तिथे कोअर वाढवल्याचा फायदा सरळ मिळतो.

दुसरा अडसर अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तरी सोळा कोअरांवर वेग ६.४ पटच होतो, आणि हजार कोअर लावले तरी दहापट कधी ओलांडत नाही. आपल्या कामाचा हा हिस्सा काढायचा तर तेच काम एका, दोन, चार आणि आठ कोअरांवर चालवून वेळ लिहा. चार ओळींत सगळं दिसतं.

आणि ‘कोअर’ म्हणजे कंपनीच्या लेखी काय, हेही विचारा. एएमडीच्या २०११ च्या बुलडोझर चिपमध्ये दोन-दोन कोअर मिळून दशांश गणिताचा एक विभाग वापरत. तरी आठ कोअर म्हणून ती विकली गेली, ग्राहक न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता मोठे आणि छोटे कोअर एकाच चिपवर येतात, तेव्हा दोन्ही वेगळे मोजायचे.

प्रतिस्पर्ध्याची घोषणा शेजारी ठेवा

चिपबद्दल खूप काही त्या चिपच्या घोषणेत नसतं, समोरच्याच्या घोषणेत असतं. एका कंपनीने विजेबद्दल मौन पाळलं असेल तर दुसरीने नेमका विजेचाच खांब उभा केलेला असतो. म्हणून दोन्ही घोषणा छापून शेजारी ठेवा आणि एकात आहे पण दुसऱ्यात नाही, अशा प्रत्येक गोष्टीवर खूण करा. माझा अर्धा तास यात जातो आणि सर्वांत जास्त यातूनच कळतं.

प्रतिस्पर्धी नसला की काय होतं, हे मी खरेदीच्या वहीतच बघितलं आहे. साध्या डेस्कटॉपसाठी इंटेलचे चार कोअरांचे प्रोसेसर २००७ च्या सुरुवातीला मिळू लागले. जानेवारी २०१७ मधला त्यांचा सर्वांत वरचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर, ७७००के, तोही चार कोअरांचाच. बुलडोझर फसल्यावर एएमडी स्पर्धेत नव्हतीच म्हणायला हवं. मार्च २०१७ मध्ये आठ कोअरांचा रायझन आला. त्याच ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर दिले, पुढच्या ऑक्टोबरात आठ, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एएमडी सोळावर गेली. दहा वर्षं हलला नाही तो आकडा तीन वर्षांत चौपट झाला.

एएमडीला हे साधलं त्यात एका कल्पनेचा मोठा वाटा होता, आणि ती समजून घ्या, कारण आता सगळेच तिकडे वळले आहेत. चिपा तीनशे मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या चकतीवर छापतात आणि चकतीवर इथे तिथे दोष राहतातच. समजा चकतीवर वीस दोष आहेत. मोठ्या साठ चिपा छापल्या तर त्यातल्या वीसपर्यंत वाया जातील, म्हणजे तिसरा हिस्सा. लहान सहाशे छापल्या तरी वायाच जाणार वीस, पण तो जेमतेम तीन टक्के झाला. म्हणून एएमडीने २०१९ च्या एपिकमध्ये चौसष्ट कोअर एका तुकड्यावर न छापता आठ लहान तुकड्यांवर छापले आणि मध्ये जोडणीचा नववा तुकडा जुन्या, स्वस्त प्रक्रियेवर बनवून ठेवला. तोटा असा की एका तुकड्यावरून दुसऱ्यावर माहिती जायला वेळ लागतो. त्यामुळे तुकड्यांची चिप घेताना चार कोअरांची चाचणी दोनदा करा, एकदा चारही कोअर एकाच तुकड्यावर बांधून, एकदा वेगवेगळ्यांवर. फरक मोठा निघाला तर प्रोग्रॅम कोणत्या कोअरांवर चालवायचा हे तुम्हाला ठरवून द्यावं लागेल.

स्पर्धा सुरू झाली त्यातही ग्राहकाचा हात होता. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ घेतला, पण एकाच पुरवठादारावर विसंबायची त्यांची तयारी नव्हती. त्यातून १९८२ मध्ये इंटेलच्या चिपा एएमडीनेही बनवायच्या असा दोघांचा करार झाला. १९८५ च्या ३८६ या चिपचं तंत्र इंटेलने एएमडीला द्यायचं नाकारलं, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि एएमडीचा स्वतःचा ३८६ बाजारात यायला १९९१ उजाडलं. आमच्यासारख्या छोट्या गटाने आयबीएमचा तो आग्रह आपल्या परीने धरावा असं मला वाटतं. प्रोग्रॅम निवडताना तो दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपांवर चालतो ना, हे आधी तपासा. एनव्हिडियाची खरी पकड सिलिकॉनइतकीच कुडा या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनावर आहे, २००७ पासून लोकांनी त्यात काम लिहून ठेवलंय. फक्त कुडावर चालणारा प्रोग्रॅम घेतलात तर पुढच्या खरेदीत तुलनेला कोणी उरतच नाही.

आपली चाचणी, आपलं उत्तर

तयार चाचण्या टाकाऊ नाहीत. पण सगळ्यांना माहीत असलेल्या चाचणीसाठी सगळेच तयारी करतात. २०२४ मध्ये वेगाच्या चाचण्या ठरवणाऱ्या स्पेक या संस्थेने आपल्या सीपीयू २०१७ चाचणीचे २,६०० हून जास्त निकाल बाद केले, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनात) त्या चाचणीतल्या एका प्रोग्रॅमपुरती खास सोय केलेली आढळली. म्हणून स्वतःची एक चाचणी ठेवा. माझी चाचणी म्हणजे एका जुन्या पंपाच्या बैठकीचं ताणाचं गणित. पंधरा वर्षं तीच फाइल, तिच्यात एक टिंबही बदललेलं नाही. तीन वेळा चालवायची आणि मधली वेळ धरायची.

वेळ लिहायच्या आधी उत्तर तपासा. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते आणि त्यांची बेरीज जुळेना. शोध घेत घेत ते पेंटियमच्या भागाकारापर्यंत पोचले. चिपच्या आतल्या तक्त्यात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२० यायला हवं, त्या चिपवर १.३३३७३९ यायचं. आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणून मूळ संख्येतून वजा केलं की शून्याऐवजी २५६ उरायचे. सदोष चिपा बदलून देण्यापायी इंटेलने ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. आजच्या कुठल्याच चिपमध्ये हा दोष नाही, तरीही नवं यंत्र लावलं की स्प्रेडशीटमध्ये मी पहिल्यांदा हाच भागाकार करते. उरलेलं शून्य बघितलं की मग पंपाची फाइल उघडते.

फाइलमधल्या एका ठरलेल्या बिंदूवरचा ताण मी पाठ केला आहे, २१४.७३. कोअर बदलले की बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे काही अंक हलतात, ते चालतं. एकदा नव्या यंत्रावर पहिल्या दोन वेळा २१४.७३ आलं आणि तिसऱ्यांदा २१९.०२. वेळ तिन्हींची उत्तम होती. मेमरीची एक पट्टी सदोष निघाली. नुसती वेळ बघितली असती तर ते यंत्र कामाला लागलं असतं.

घोषणेनंतरचे सहा महिने

घाई नसेल तर थांबा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाले, त्यांच्यावरच्या उपायांनी काही कामं मंदावली, आणि आधीचे सगळे निकाल जुने झाले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होत होते. त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि कंपनीने हमी दोन वर्षांनी वाढवली. पहिल्या आठवड्यातल्या कोणत्याही परीक्षणात हे दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक यंत्राच्या नावाखाली तारीख, बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, वेळ, वॅट आणि २१४.७३ आलं की नाही, एवढं एका ओळीत असतं. बायोस बदलला की पंपाची फाइल पुन्हा चालवायची आणि खाली दुसरी ओळ लिहायची. वेळ पाच टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर आधी पंख्याची जाळी साफ करून पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढीच आली तर चित्र पाठवणाऱ्याला दोन्ही ओळींचा फोटो पाठवते.